ताईच्या वाट्याचा हुरडा

विशालचा फोन आला तेव्हा मी नवीन जालन्यातल्या आमच्या बियाण्याच्या कंपनीच्या ऑफिसात होते. विशाल म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, सुमनताईचा मुलगा. "मावशी, आई गेली. चटणी कुटता कुटता भिंतीला टेकली, अन् मंग उठलीच न्हाई," तो म्हणाला. माणसाला अशा वेळी रडू येतं म्हणतात. मला आधी काय आलं ते खरं सांगते... राग आला. कसली चटणी, असं मी विचारलंसुद्धा नाही. डिसेंबर लागला होता, थंडी पडली होती, तीर्थपुरीच्या त्या घरात या दिवसांत कोणासाठी आणि कशासाठी चटणी कुटली जाते हे मला पाठ होतं. जवसाची, तिळाची, शेंगदाण्याची. हुरड्याबरोबर खायची. पाहुण्यांनी खायची.

ताईचं सासर तीर्थपुरीचं, शेत गावाला लागून. दाजींचे भाऊ, बहिणी, चुलतभाऊ सगळे शिकून बाहेर पडले. कोणी पुण्यात, कोणी हैदराबादेत, एक तर बंगळुरूला. नाताळाच्या सुट्ट्या लागल्या की ही सगळी मंडळी पोराबाळांसकट गावाकडे यायची. ऑफिसचं नाव काढायचं नाही, फोन बाजूला ठेवायचे, उशिरा उठायचं, उन्हात सतरंज्या टाकून पडायचं, शेतात हुरडा खायचा. "इथं आलं की डोकं शांत होतं वहिनी," असं प्रत्येक जण म्हणायचा. का नाही होणार? पहाटेचं आंघोळीचं पाणी तापवण्यापासून रात्रीच्या बाजरीच्या भाकरीपर्यंत सगळं वहिनीच करत होती. कामापासून दूर जायचं म्हणजे आपलं काम दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर टाकून यायचं, हे या लोकांना एकाही हिवाळ्यात दिसलं नाही.

हुरडा ज्यांनी नुसता ताटात पाहिलाय त्यांच्यासाठी सांगते. शेतात लहानसा खड्डा करून त्यात गोवऱ्यांचा विस्तव करतात, ती आगटी. ज्वारीची कोवळी कणसं त्यात खुपसायची, भाजली की बाहेर काढायची आणि गरम असतानाच तळहातांत चोळून दाणे मोकळे करायचे. फुंकर मारून कोंडा उडवायचा की हिरवागार हुरडा तयार. तो तेव्हाच तोंडात टाकायचा. गार झाला की त्याची चव जाते, नंतर तो चिवट होतो आणि शेवटी नुसता चघळायच्या लायकीचा राहतो. ताईच्या सासरी रीत अशी, की आगटीवर सुनेनं बसायचं आणि सगळ्यांचं खाणं झाल्यावर तिनं खायचं. सगळ्यांचं खाणं संपायचं तेव्हा विस्तव विझलेला असायचा. मग सुपात उरलेला गार हुरडा ती घरी नेऊन दुपारच्या भाकरीबरोबर खायची. लग्न झाल्यापासून माझ्या बहिणीनं गरम हुरडा खाल्लेला नव्हता. ज्या घरातला हुरडा खायला लोक बंगळुरूहून येत होते, त्या घरात!

आमच्या माहेरी, मंठ्याला उलटं होतं. आमचे अप्पा स्वतः आगटीवर बसायचे. चोळणं हे बापाचं काम, असं त्यांचं म्हणणं. "पोरींचे हात भाजवून खायचा तर तो हुरडा कशाचा?" असं म्हणून ते पहिली मूठ ताईच्या हातावर ठेवायचे. ती "हा, हा" करत या हातातून त्या हातात दाणे उडवायची आणि तोंड पोळलं तरी थांबायची नाही. मी मागे राहिले की मला वेडावून दाखवायची. लहानपणी ती भलती खादाड होती, हे तिच्या सासरच्या एकालाही माहीत नाही. त्यांना वाटतं तिला भूकच कमी लागायची. तेराव्याला तिची एक नणंद मला कौतुकानं म्हणाली, "वहिनींना खाण्याचं काही नव्हतंच, दुसऱ्याला खाऊ घालण्यातच त्यांचं पोट भरायचं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्याला खाऊ घालून कोणाचंही पोट भरत नाही, बाई. पोट खाऊनच भरतं.

मी एकदाच त्यांच्या हुरड्याला गेले. ताई धुराकडे पाठ करत, डोळे मिटत चोळत होती आणि मंडळी "अजून आण, जल्दी आण" करत होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले तर तिनं मला ढकलून सतरंजीवर पाठवलं. रात्री मी तिला धरलं. म्हटलं, "तुला एक दिवस तरी माहेरी येऊन बसता येत न्हाई का हिवाळ्यात?" तर म्हणाली, "अगं, लोकं किती दुरून येऊन राह्यलेत. त्यांना सुट्ट्या तरी कुठं मिळतात बिचाऱ्यांना." "अन् तुला?" "मला कशाची सुट्टी? मी काय नोकरी करते?" आणि हसली. त्या हसण्याचा मला आजही राग येतो. तिचं भाबडेपण नव्हतं ते, तिला सगळं बराबर कळत होतं. पण सोसण्याचीही सवय लागते माणसाला, आणि सोसणाऱ्याची सवय बघणाऱ्यांना तर त्याहून लवकर लागते.

एका हिवाळ्यात ती आली होती. अप्पा तेव्हा होते. परतूरला बस बदलून एकटी आली, पिशवीत फक्त एक लुगडं आणि अप्पांसाठी बोरं. अप्पा नुसते घरात-अंगणात फेऱ्या मारत राहिले. विहिरीजवळच्या पट्ट्यात त्यांनी गुळभेंडी ज्वारी पेरली होती, खास हुरड्याची. दर साली पेरायचे, दर साली ताई यायची नाही, आणि कणसं निबर होऊन बाकीच्या ज्वारीत कापली जायची. त्या दिवशी त्यांनी सकाळसाठी गोवऱ्या रचून ठेवल्या. दिवेलागणीला दाजींचा फोन आला. पुण्याची मंडळी न कळवता आली होती. "तू उद्या पहिल्या गाडीनं निघ, इथं कोणाला काही सापडून न्हाई राह्यलं," असं ते म्हणाले. सापडत नव्हतं म्हणजे काय? स्वतःच्या घरात? ताई पहाटेच्या गाडीनं गेली. अप्पांनी आगटी पेटवलीच नाही. त्या साली आमच्या घरी कोणीच हुरडा खाल्ला नाही.

अप्पा गेल्यावर ती माझ्यापाशीसुद्धा माहेरचं नाव काढेनाशी झाली. म्हणून या भाऊबीजेच्या सुमारास ती जालन्याला माझ्या घरी आली आणि आपणहून म्हणाली, तेव्हा मी हातातलं काम टाकून ऐकलं. "यंदा मी मंठ्याला येणार. सांगून टाकलं घरात. पूजा हाय आता, तीन दिवसानं काही बिघडत न्हाई." पूजा म्हणजे विशालची बायको, लग्नाला वर्षही झालेलं नाही. मी म्हटलं, चोळायला मी बसते. ताई म्हणाली, "तुला जमतं का? का मलाच बसवशील?" आम्ही पुष्कळ हसलो. ती तीन दिवस येणार होती, तरी पाहुण्यांची चटणी आधी कुटून ठेवायला निघाली होती. माहेरी जायचं तर सासरचं आवरून जायचं, ही अक्कल तिला कोणी शिकवली कोण जाणे.

ती गेल्यावर तीर्थपुरीच्या चौकात श्रद्धांजलीचा मोठा फ्लेक्स लागला. 'अन्नपूर्णा हरपली.' वर ताईचा फोटो. इतकी वर्षं त्या सुट्ट्यांत फोटोंना तोटा नव्हता. सतरंजीवरचे, उसाच्या कांड्या खातानाचे, पोरांचे, सुनांचे. ताई एकाही फोटोत धड नव्हती. शेवटी आगटीजवळचा एक सापडला, त्यातून तिचा चेहरा कापून घेतला आणि मागचा धूर पुसून तिथं गुलाबाची फुलं टाकली. चेहऱ्यावर मात्र धूर होताच. एक डोळा मिटलेला, मान तिरकी, ओठ आवळलेले. येणारेजाणारे म्हणत होते, किती शांत चेहरा! ती शांत नव्हती हो. तिच्या डोळ्यात धूर गेला होता.

तेरावा झाला आणि चारच दिवसांनी दाजींचा मला फोन आला. "मंदा, मंडळी येऊन राह्यलीत. सगळ्यांची रिझर्वेशनं आधीच झाल्ती. वर्षभर सण करायचा न्हाई, पण हुरडा काय सण थोडाच हाय? साधंच करू, तिच्या आठवणीत. तू दोन दिवस आली तर बरं होईल. पूजाला आगटीवरचं जमंल न जमंल. चटणी तर तुझ्या ताईनं अर्धी कुटून ठेवलेलीच हाय."

तोंडात आलेलं सगळं गिळलं आणि म्हटलं, "येते."

गेले तेव्हा आगटी पेटली होती. पूजा नाकातोंडाला ओढणी गुंडाळून गोणपाटावर बसली होती, सासूच्याच जागी, आणि सतरंजीवरून कोणीतरी म्हणत होतं, "चटणी बिलकुल वहिनींचीच हां, तीच चव." मी चप्पलसुद्धा काढली नाही. पूजाला दंडाला धरून उठवलं, सतरंजीवर सगळ्यांच्या मधोमध बसवलं आणि विशालला म्हटलं, "बस इथं." तो बापाकडे बघायला लागला. त्याची एक आत्या म्हणाली, "गड्यामाणसाला कुठं जमतं ते?" मी म्हटलं, "माझा बाप करायचा." त्यानंतर कोणी बोललं नाही. बोलायला पाहिजे होतं कोणीतरी, मी तयारीनं गेले होते.

विशालला काही येत नव्हतं. पहिली कणसं करपवली, दुसरी कच्ची काढली. तिसऱ्या वेळी त्यानं गरम कणीस तळहातात धरलं आणि टाकून दिलं. मी ते उचलून पुन्हा त्याच्या हातात दिलं. त्यानं दात आवळून चोळलं, फुंकर मारली, मूठभर दाणे निघाले. त्याचे तळहात लालभडक झाले होते. ते त्यानं माझ्यासमोर धरले आणि हळूच विचारलं, "मावशी... आईलाबी असंच भाजायचं का?"

सतरंजीवरच्या सगळ्यांना ते ऐकू गेलं. मी म्हटलं, "तुझ्या बापाला विचार."

दाजी मान खाली घालून बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही. तसेच म्हणाले, "ती कधी बोलली न्हाई." त्यांचे डोळे भरले होते, तेही मी पाहिलं, आणि मला त्यांची दया आली नाही. पुढे येईल कदाचित. विशालच्या हातातली ती मूठ मी पूजाच्या हातावर रिकामी केली. तिनं सवयीनं सासऱ्यांच्या ताटाकडे पाहिलं.

"त्यांचं राहू दे," मी म्हटलं. "तू खा. गार व्हायच्या आत खा."