बाजूच्या खाटेवरची धवलारीण

माझे पाय सुजायला लागले तेव्हा मी शाळेतल्या धावपळीला दोष दिला. भिवंडीतल्या एका शाळेत मी मराठी शिकवत होते. लघवीला फेस यायचा, रक्तदाब चढलेला असायचा. गल्लीतल्या दवाखान्यातून सूज उतरायच्या गोळ्या आणायच्या आणि पुन्हा फळ्यासमोर उभं राहायचं, असं दीड वर्ष चाललं. मग एक दिवस जिना चढताना श्वासच पुरेना. किडनीच्या डॉक्टरांकडे मी पहिल्यांदा पोचले ती अँब्युलन्समधून. त्याच दुपारी मानेत नळी घालून डायलिसिस सुरू झालं.

"याआधी तुम्हाला कुणी किडनीच्या डॉक्टरकडे पाठवलं नव्हतं?" त्यांनी विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली. त्यांचा तो प्रश्न मी पुढे कित्येक महिने ऐकत राहिले.

पुढे डाव्या हाताची शीर धमनीला जोडून फिस्टुला, म्हणजे सुया टोचायची कायमची जागा, केला आणि मानेतली नळी निघाली. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास. नवरा सोडायला यायचा, न्यायला यायचा. मी भिंतीकडे तोंड करून पडायचे. जेवण जात नव्हतं, झोप येत नव्हती, शाळेतून फोन आला तर मी तो वाजू द्यायचे.

बाजूच्या खाटेवर भिवंडीजवळच्या वडपे गावच्या एक मावशी असायच्या. साठीच्या. त्यांच्या भातशेतीवर आता गोदामं उभी होती. त्या डायलिसिसला यायच्या त्या अंबाड्यात अबोलीचा गजरा माळून. एकदा सुया टोचून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"बाई, तुमी बोलत का न्हाय? भांडन झालंय काय कोनाशी?"

"नाही हो, मावशी."

"मंग?"

मला एकदम रडूच फुटलं. मावशींनी मला रडू दिलं आणि मग सिस्टरला हाक मारून सांगितलं, "डॉक्टरला बोलव. बाईंच्या किडनीचा न्हाय, बाईंचाच बघायचा हाय."

डॉक्टर आले, स्टूल ओढून बसले. रिपोर्ट बाजूला ठेवून म्हणाले, "झोप कशी आहे? मन कसं आहे?" मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, डायलिसिसवरच्या पुष्कळ लोकांना हे होतं, हाही आजारच आहे, आणि याला उपचार आहे. त्यांनी मला मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. मी दर पंधरवड्याला जाऊ लागले. किडनीला चालेल अशी एक छोटी गोळी होती, आणि बोलणं होतं. आधी झोप परत आली. मग भूक.

मावशींना मी विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पन आधी वाटली, आनि उरकली." त्यांना साखरेचा आजार. गावातल्या डॉक्टरने लघवी तपासून त्यांना वेळीच इथे धाडलं होतं. औषधं, पथ्य करत किडनीच्या डॉक्टरांनी पाच वर्षं सांभाळून नेली. शेवटी डायलिसिस लागणार हे सहा महिने आधी सांगितलं, फिस्टुला करून हात तयार ठेवला, ही खोली दाखवली, खाटेवरच्या एका माणसाशी बोलायला बसवलं. "मला ठावं होता काय होनार हाय ते," मावशी म्हणाल्या. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा हेवा वाटला.

मावशी धवलारीण होत्या. आगऱ्यांच्या लग्नात मांडव घालण्यापासून हळद दळण्यापर्यंत प्रत्येक विधीला जिची गाणी, म्हणजे धवळे, लागतात ती बाई. त्यांनी शेकड्यांनी लग्नं लावली होती. पण डायलिसिस सुरू झाल्यापासून गाणं बंद होतं. दम लागेल, मध्येच शब्द विसरेन, लोक हसतील, हा त्यांचा धसका.

"सांगा मला, मी लिहून घेते," मी म्हटलं. उजवा हात मोकळाच होता.

अशी वही सुरू झाली. मावशी हळू आवाजात म्हणायच्या, मी लिहायचे. लिहिलेलं वाचून दाखवताना मी 'ळ' म्हटला की त्या म्हणायच्या, "तुमचा ल जड हाय गं बाई." चार तास कधी सरले कळायचं नाही. सिस्टर मशीन बंद करायला आली की मीच म्हणायचे, एक कडवं राहिलंय.

मावशींच्या पुतणीच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा त्या गायला आधी नाहीच म्हणाल्या. वही घेऊन मी मागे बसेन, असं म्हटल्यावर तयार झाल्या. डॉक्टरांनी तारीख विचारली, आदल्या दिवशी दोघींचं डायलिसिस घेतलं आणि बजावलं, "पाणी मोजून. नारळपाणी अजिबात नाही."

हळदीच्या दिवशी सकाळी मी वडप्याच्या मांडवात मावशींच्या पाठीशी वही घेऊन बसले. पहिल्या दोन ओळींना त्यांचा आवाज कापत होता. मग तो मोकळा झाला. भोवतालच्या बायकांनी ओळी उचलल्या, नवरी रडता रडता हसायला लागली. मावशी एकदाच अडकल्या. मी वाकून शब्द सांगितला, त्यांनी तो न वळता घेतला. माझ्या गालाला कुणीतरी हळद फासली. डायलिसिस सुरू झाल्यापासून मी इतकी पोटभर हसले नव्हते. पुढच्या महिन्यात मी शाळेत अर्धवेळ रुजू झाले.

आता डॉक्टर नव्या रुग्णांना आमच्याशी बोलायला पाठवतात. भिवंडीतल्याच निजामपुऱ्यातला एक यंत्रमाग चालवणारा आला होता. किडनी नुकतीच बिघडायला लागलेली.

"डर लगता है," तो म्हणाला.

"लगने दे," मावशी म्हणाल्या. "तू जल्दी आया ना, अच्छा किया. अब नमक छोड, आनि येत जा."

तो येत राहिला. डायलिसिस अजून लागलेलं नाही. तपासणीला आला की रिपोर्ट आधी मावशींच्या हातात देतो. मावशींना वाचता येत नाही. त्या कागद दोन्ही बाजूंनी नीट बघतात, "बरा हाय" म्हणतात, आणि मग माझ्याकडे देतात.