मागचं माह्यावर सोडा

"मागचं माह्यावर सोडा," असं म्हणून चाचा कॅमेरा डोळ्याला लावायचे, आणि त्यांच्या अनामिकेतली चांदीची अंगठी कॅमेऱ्यावर टक् करून वाजायची. ते एक बटन शोधत असायचे.

तुमच्याकडे फोटोग्राफरचा मोठा कॅमेरा असेल ना, तर आत्ता बघा. पुढून, लेन्सला अगदी खेटून एक बारकं बटन असतं. वर्षानुवर्षं कॅमेरा वापरणारेही ते दाबत नाहीत. कॅमेऱ्यातून बघताना मागचं सगळं धूसर, मऊ दिसतं, पण ते खरं नसतं. बटन दाबलं की समोर जरा अंधारतं आणि फोटोत मागचं काय काय ठळक येणार ते आधीच दिसतं. चाचा म्हणायचे, "बाकी कॅमेरा खुशामत करते. सच फक्त हेच बोलते."

अकोल्यात त्यांचा स्टुडिओ होता. मी तिथे कॉम्प्युटरवर लग्नाचे अल्बम जुळवायचे, नावं टाइप करायचे. भराभर. एका नवरीला मी 'चि. सौ. कांदा' करून टाकलं होतं, तर चाचांनी आठवडाभर माझ्याकडे भजी मागितली. "बोटं एक्सप्रेस हायेत तुही, डोकं प्यासिंजर."

ती वर्षं म्हणजे कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं आणि सामूहिक लग्नं जोरात होती. एका मांडवात तीस-चाळीस जोड्या, समितीनं दिलेल्या एकसारख्या साड्या, एकसारखे हार. नवरीचे बाप स्टुडिओत येऊन खालच्या आवाजात सांगायचे, "चाचा, बाजूची जोडी दिसू नये." चाचा कधी काहून म्हणून विचारायचे नाहीत. अल्बममध्ये प्रत्येक पोरीचं लग्न एकटीचं व्हायचं.

एक दिवस तसाच खालचा आवाज आला. मी मान वर केली तर आमचे बाबा.

बार्शीटाकळीत आमचं फुलांचं दुकान. अर्ध्या तालुक्याच्या लग्नांना आमच्या घरून हार गेलेत. आणि आता आमची ताई समितीच्या मांडवात.

"चाचा, अमरावतीच्या साळ्याले सांगतलं हाय का लगन हॉलमंधी हाय, घाईत हाय, म्हून बलावलं नाई. अल्बम पाह्याले तो येईनच. दुसरी नवरी दिसली त माही मान खाली."

"मागचं माह्यावर सोडा, भाऊ."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही स्क्रीनकडे बघत उगाच काहीतरी टाइप करत राहिले.

लग्नाच्या दिवशी बाबांनी स्वतः गुंफलेला शेवंतीचा हार आणला, समितीच्या हाराच्या दुप्पट जाड. ताईच्या शेजारी पातूरकडची एक नवरी बसली होती. तिच्या केसांत काहीच नव्हतं. ताईनं आपली वेणी काढून तिच्या अंबाड्याला लावली, आणि मग दोघी एका बाटलीतून पाणी पीत, एकमेकींच्या नवऱ्याकडे बघून खिदळत बसल्या. मला ताईची लाज वाटत होती. एवढं हसायला काय झालं?

चाचांनी ताई-जिजूंचे फोटो काढले. अंगठी टक्, टक्. छोट्या स्क्रीनवर बाबांनी पाहिलं. मागे नुसते रंगांचे ढग. "आपलीच दिसते," ते म्हणाले, आणि दिवसभरात पहिल्यांदा हसले.

ताईनंही वाकून पाहिलं. "चाचा, माही मैत्रीण कुठी हाय?"

"मागं हाय बेटी, धुक्यात."

"मले ते पायजे. अन् बाकीच्या बी. मी एकटीनंच लगन केलं का?"

चाचांनी बाबांकडे पाहिलं. बाबा हार नीट करायला पुढे झाले, हात तसाच मागे घेतला आणि पाण्याच्या टाकीकडे चालू लागले. जाता जाता म्हणाले, "तिच्यासाठी एक काढा. अल्बममंधी नोका टाकू."

चाचांनी कॅमेऱ्याचं चाक फिरवलं, बटन दाबलं आणि दाबूनच ठेवलं. नेहमी क्षणभर बघायचे. त्या दिवशी बघतच राहिले.

"अब सब आ गये," ते म्हणाले, आणि एकच फोटो काढला.

अमरावतीचे मामा अल्बम बघायला आले. "हॉल मोठा दिसते," म्हणाले. बाबा "हो" म्हणाले आणि चहाचं सांगायला आत गेले, ते मामा निघेपर्यंत बाहेर आले नाहीत.

चाचा मागच्या उन्हाळ्यात वारले. स्टुडिओत आता मोबाइलची कव्हरं विकतात. तो एक फोटो चाचांनीच फ्रेम करून ताईला दिला होता, तो तिच्या घरात दारासमोर लावलाय. कोणी आलं की ती बोट ठेवून दाखवते: ही माझी पातूरची, ही तिच्यामागची, हिला जुळे झाले. शेवटच्या रांगेतल्या नवरीचं बाशिंगसुद्धा स्वच्छ दिसतं.

आणि अगदी डावीकडे, मांडवाच्या लाकडी बल्लीमागे, ओळखीचं कोणी बघेल म्हणून तोंडावर ओढणी धरून उभी असलेली एक मुलगी दिसते. ताई तिच्यावर कधी बोट ठेवत नाही.

बटन दाबून चाचा एवढा वेळ बघत होते. मी त्यांना दिसलेच असणार. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत ते एवढंच म्हणाले, "बस, बेटा. ताईचं नाव टाइप कर. आज सावकाश."