मागण्याआधी वाढणारा

शैलाचा फोन आला तेव्हा मी सकाळचा चहा गाळत होते. शैला म्हणजे माझी धाकटी जाऊ. तीही बर्मिंगहॅमलाच राहते, आमच्या घरापासून बसने थोड्याच अंतरावर. फोनवर ती नेहमी आधी हवापाण्याचं बोलते. त्या दिवशी म्हणाली, "ताई, निहार गेला..." मेंदूत रक्तस्राव झाला होता, हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तिचा एकुलता एक मुलगा, पंचेचाळिशीही गाठली नव्हती.

त्याला आता काही आठवडे झाले. इरा, निशांत, तुम्ही न्यूझीलंडहून मला विचारलंत, "आजी, निहारमामा खरंच प्रोफेशनल प्लेअर होता का, की आई उगाच सांगते?" प्रश्न रास्त आहे. तुम्ही त्याला पाहिलंत ते सुट्टीत, आमच्या सोफ्याबाहेर पाय काढून झोपलेला. म्हणून त्याची हकीकत क्रमाने लिहिते. इतर वाचकांनीही ती वाचावी, कारण ती रडगाण्याची हकीकत नाही.

निहारचे वडील, म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, तो शाळेत असतानाच वारले. शैला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करायची, तिच्या ड्यूट्या वेड्यावाकड्या, त्यामुळे शनिवार-रविवार निहार आमच्याकडे असे. आमच्या घराण्यात इतका उंच कोणी झाला नव्हता. दारातून येताना मान वाकवायचा. बास्केटबॉलच्या जगात मात्र तो बुटका होता, तिथल्या ताडमाड गड्यांच्या जेमतेम खांद्याला लागायचा. म्हणून त्याच्याकडे काम आलं ते चेंडू पुढे आणून दुसऱ्यांना द्यायचं. बास्केटमध्ये चेंडू टाकून टाळ्या घेणारे वेगळे. (चेंडूला तो शेवटपर्यंत "ती बॉल" म्हणत राहिला. मी शिक्षिका असूनही मला ते सुधारता आलं नाही.)

आता आजोबांच्या पंगतीबद्दल सांगायला हवं. आपल्या मराठी मंडळाचं गणपतीचं जेवण आजोबांच्या ताब्यात असे. लीझर सेंटरचा हॉल भाड्याने घ्यायचा, जमिनीवर कागदाच्या पट्ट्या अंथरायच्या आणि कागदी ताटांना पानच म्हणायचं. आजोबा छातीच्या विकारांचे डॉक्टर. वॉर्डात त्यांची शिस्त होतीच, पंगतीत त्याहून कडक. वाढप्याने माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही, पानाकडे बघायचं. कोणाला मागावं लागलं तर वाढपी नापास. पानावर कोणी आडवा हात धरला तर आग्रह न करता पुढे सरकायचं. निहारकडे वरणाची बादली असे. शाळकरी वयापासून तो ती घेऊन ओळीतून असा जायचा की थेंब सांडत नसे आणि कोणाच्या पायाला पाय लागत नसे.

खेळाच्या जोरावर त्याला अमेरिकेतल्या एका लहानशा कॉलेजात शिष्यवृत्ती मिळाली. तिथलं शिक्षण संपलं ते दोन हजार सालानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत. अमेरिकेतले मोठे व्यावसायिक संघ दर उन्हाळ्यात एका समारंभात नवे खेळाडू निवडतात. नावं एकेक करून पुकारली जातात. ज्याचं नाव येत नाही तो 'अनड्राफ्टेड', आणि जवळजवळ सगळेच खेळाडू या दुसऱ्या गटात मोडतात, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. निहारच्या कोचने फोनवर शैलाला एवढंच सांगितलं की एका संघाने त्याची चौकशी केली आहे. शैलाने ते मेडिकलच्या अ‍ॅडमिशनसारखं धरलं, चौकशी आली म्हणजे सीट मिळाली. मंडळाचं उन्हाळी संमेलन त्या निवडीच्या आधीच्या रविवारी होतं आणि पुढची गाठभेट थेट गणपतीत. तिने दुधाच्या पावडरीचे पेढे वळले आणि सगळ्या हॉलला वाटले. मी तिला म्हटलं, "शैला, थोडं थांबायचं." ती म्हणाली, "ताई, गणपतीपर्यंत कोण थांबेल?"

निहारचं नाव पुकारलं गेलं नाही.

तो परत आला आणि गणपतीच्या जेवणाला जायचंच नाही असं शैलाने ठरवलं. निहार तिला हाताला धरून घेऊन आला, बाह्या सरसावल्या आणि बादली उचलली. पहिल्याच ओळीत जोशीकाकू बसल्या होत्या. "काय रे, अमेरिकेत टीम कधी जॉइन करणार?" त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"सिलेक्शन नाही झालं, काकू. पेढे जरा लवकर झाले. वरण वाढू?"

"अगं बाई... आणि आम्ही तर खाल्ले."

"चांगले होते ना? मग झालं तर."

तेवढ्यात आजोबा हॉलच्या टोकाहून गरजले, "निहार, गप्पा नंतर. पानं रिकामी आहेत." आणि तो हसत पुढे सरकला. तेव्हा मी शैलाकडे पाहिलं. ती हातात मिठाचं भांडं घेऊन तशीच उभी होती.

त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात माय-लेकांचा तह झाला. शैला म्हणाली, "एक सीझन. तेवढ्यात कोणी रीतसर कॉन्ट्रॅक्ट दिलं तर खेळ आयुष्यभर. नाहीतर फार्मसी, आणि मग बॉलचं नाव काढायचं नाही." निहारने मान्य केलं. त्याला दुसरं काही येत नव्हतं असं नाही, पण त्याला दुसरं काही नको होतं. बर्मिंगहॅमच्या क्लबने त्याला सरावापुरतं ठेवून घेतलं, म्हणजे मॅचच्या दिवशी टोकाच्या खुर्चीवर बसायचं आणि इतर दिवशी बाकीच्यांचा सराव करून द्यायचा. हिवाळा गेला. शैलाने फार्मसीची माहिती मागवून ठेवली.

सीझनच्या अखेरीस, बाद फेरीच्या मॅचआधी, चेंडू वाटणाऱ्या मुख्य खेळाडूचा घोटा मुरगळला आणि निहारला पहिल्यापासून उतरवलं. शैला लॅबमधून परस्पर आली होती. मुलाला इथे खेळताना ती पहिल्यांदाच पाहत होती, आणि तो फार वाईट खेळला. मिळाला चेंडू की स्वतःच बास्केटकडे फेकायचा, आणि तो कड्यावर आपटून बाहेर. आई बघतेय, कोच बघतोय, काहीतरी करून दाखवायला हवं, एवढंच त्याच्या डोक्यात. आपला संघ मागे पडला. आजोबा कोट मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. मध्यंतर होत आलं तेव्हा ते मला म्हणाले, "याचं काय चाललंय कळलं का तुला? वाढपीच जेवायला बसलाय."

मग ते उठले, कठड्यापाशी गेले आणि भर हॉलमध्ये मराठीत ओरडले, "निहार, पानं रिकामी आहेत." आजूबाजूचे लोक बघायला लागले. मी खाली मान घातली. निहारने वर पाहिलं आणि तो हसला, अगदी बादली हातात असताना हसायचा तसा.

दुसऱ्या अर्ध्यात त्याने स्वतः जवळजवळ चेंडू टाकलाच नाही. कोणाला छातीशी लागतो, कोणाला धावता धावता हवा असतो, कोणाला उडी मारल्यावर वरच्या वर, हे त्याला वर्षभराच्या सरावात पाठ झालं होतं. ज्याच्यासमोर प्रतिस्पर्धी आडवा हात धरून उभा, त्याला सोडून तो पुढच्याला द्यायचा. कोणी हात वर करून मागायच्या आधीच चेंडू त्याच्या पंजात असायचा. अगदी शेवटी दोघे त्याच्या अंगावर धावून गेले, तर त्याने न बघताच चेंडू मागे सोडला, आणि तिथे आपला सगळ्यात उंच गडी एकटाच उभा होता. चेंडू जाळीतून पडला आणि भोंगा वाजला. आम्ही जिंकलो. शैला मात्र जागेवरून उठली नाही. मला म्हणाली, "ताई, हा सगळ्यांना देतच सुटला... आणि तरी जिंकला."

कोचने त्याला बाजूला घेऊन विचारलं, ते म्हातारे गृहस्थ काय ओरडले? निहारने सांगितलं, "ताटं रिकामी आहेत म्हणाले." कोच विचारात पडला. दुसऱ्या दिवशी त्याने कॉन्ट्रॅक्ट दिलं. शैलाने पुन्हा पेढे केले. जोशीकाकू म्हणाल्या, "आता हे पक्के का?" तर निहार म्हणाला, "काकू, हे सिलेक्शनचे. ते आईच्या घाईचे होते."

पुढे तो इथे खेळला, मग पोर्तुगालमध्ये, मग बेल्जियममध्ये, आणि परत इथेच कॅप्टन होऊन आला. आमचा संघ कप जिंकला तेव्हा त्याच्या खांद्यावर कप नव्हता, शैला होती. तिच्या चपला कोर्टवरच राहिल्या. मॅचआधी निवेदक खेळाडूंची ओळख करून द्यायचा, तेव्हा निहारने त्याला सांगून ठेवलं होतं की माझ्या नावापुढे 'अनड्राफ्टेड, बर्मिंगहॅम' एवढंच म्हणायचं. लोक त्यालाच सगळ्यात मोठ्या टाळ्या वाजवायचे. तर निशांत, उत्तर असं आहे: होय, तो प्रोफेशनल होता. त्याच्या कामाचे पैसे त्याला मिळाले, मान मिळाला आणि दुसरं काही करावं लागलं नाही.

गुडघे थकल्यावर तो शनिवारी एका शाळेच्या जिममध्ये मुलांना शिकवू लागला. शाळेत दोन कॅप्टन एकेकाला बोलावून संघ निवडतात आणि शेवटी एक पोर उरतं, तसं त्याच्याकडे नव्हतं. दारातून जो आत येईल त्याच्या हातात तो आल्या आल्या लाल किंवा निळं बिब ठेवायचा, म्हणजे शर्टावरून चढवायचं ते बिनबाह्यांचं जाकीट. लाल, निळा, लाल, निळा. कोण कसा खेळतो ते नंतर.

गेल्या शनिवारी मी शैलाला घेऊन तिथे गेले. इतक्या आठवड्यांत ती घराबाहेर पडली नव्हती. निहारच्या जुन्या संघातला तो सगळ्यात उंच गडी आता मुलांना शिकवतो. आम्ही दारात थबकलो, दोन म्हाताऱ्या, अंगात जाड कोट. त्याने आम्हाला पाहिलं, आणि माझ्या हातात निळं आणि शैलाच्या हातात लाल बिब ठेवलं. मला वाटलं ती आता रडेल. तिने चष्मा काढून माझ्याकडे दिला, बिब कोटावरून ओढून घेतलं, चष्मा परत लावला आणि लाल संघाच्या बाकावर जाऊन बसली.

तिचा संघ जिंकला. घरी जाताना ती बसमध्ये माझ्या शेजारी बसली, बिब तसंच अंगावर. समोरच्या बाई बघत होत्या. मी हळूच म्हटलं, "शैला, काढ आता." ती म्हणाली, "असू दे, ताई..." आणि आमचा स्टॉप येईपर्यंत ताठ बसून राहिली.