डास पदर मानत नाहीत

तमाम डासजातीचा धुरीमावशींवर जीव होता. दहा माणसं बसलेली असली तरी बाकीच्यांना ओलांडून डास नेमके त्यांच्याकडे जात. त्यामुळे होडीत, रानात, कुठंही मुक्काम पडला की प्रत्येकाला त्यांच्या शेजारची जागा हवी असे. "या, या," दंड खाजवत मावशी म्हणत, "माझं अन्नछत्र चालू आहे तोवर तुम्हाला कोण विचारतंय!"

खरं नाव सुमतीबाई. जन्म कलकत्त्याचाच. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत, लग्न केलेलं नव्हतं, आणि तिथल्याच बेहाला भागात आमच्या बिऱ्हाडाच्या वरच्या मजल्यावर राहत. दिवेलागणीला मातीच्या भांड्यात नारळाच्या शेंड्या पेटवायच्या, वर राळेची चिमूट टाकायची आणि तो धूर घेऊन जिना उतरायचा. "दार उघड गं कोकणे, धुरी आली!" घर धुरानं भरे, माझे डोळे लाल होत आणि मागच्या तळ्यातून आलेले डास मुकाट तळ्याकडे परतत. धुरीमावशी हे नाव त्यावरून पडलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

मी मराठी सहावीत शाळा सोडलेली. लग्न होऊन रत्नागिरीहून थेट इथं. शेजारणींचं बंगाली कळत नसे आणि मावशींचं मराठी भरभर असे, म्हणून मी बहुतेक वेळ मान हलवून भागवी. त्यात ह्यांची बदली निघाली, उत्तर बंगालात डुआर्सच्या जंगलात, झाडांच्या मोजणीवर. तिथल्या हिवतापाच्या गोष्टी जो तो सांगे. माझा पाठचा भाऊ हिवतापानंच गेला होता. सासूबाईंचा निरोप आला, 'सूनबाईला इकडे पाठवून दे, तीन वर्षांचा तर प्रश्न.' ह्यांचं काही ठरेना.

"तुला काय हवंय?" मावशींनी मला विचारलं. तोवर मला असं कुणी विचारलं नव्हतं.

"ह्यांच्याबरोबर जायचंय. पण भीती वाटते."

"मग भीतीलाही घे बरोबर, तिचं काय वेगळं तिकीट लागतं? आधी आमच्यासोबत सुंदरबनात चल. तिथं काय होतं ते बघू."

थंडीत मावशी चार मराठी बिऱ्हाडं गोळा करून कॅनिंगहून होडीनं सुंदरबनात नेत. संध्याकाळी होडी खाडीत थांबली की तेलाची पंगत बसे. मोहरीच्या तेलात गवती चहाचं तेल आणि कापूर, असं ते त्यांच्या हातचं मिश्रण. आम्ही ओळीनं बसायचं, तळवे पुढे करायचे आणि मावशी पळीनं तूप वाढावं तसं वाढत जायच्या. "कानामागे राहिलं! अहो, लाजताय काय, अजून एक पळी घ्या! घोट्याला कुणी लावायचं, मी?" तो वास असा होता की परतीच्या गाडीत आमच्या बाकावर कुणी टेकत नसे. "बघा," मावशी ऐसपैस मांडी घालत म्हणायच्या, "डासही गेले नि गर्दीही गेली."

मी मात्र पहिल्याच पंगतीत चुकले. समोर वडीलधारी माणसं, पोटऱ्या उघड्या कशा टाकणार? तोंडाला नि हातांना तेल लावलं आणि पाय पातळात गुरफटून घेतले. सकाळी पाय गांधी उठून फुगलेले. मला रडू फुटलं. आता ताप येणार, आता गावी रवानगी होणार!

मावशी शेजारी येऊन बसल्या. "वेडे, डास पदर मानत नाहीत. ते सुती पातळातूनही चावतात." मग त्यांनी स्वतः माझ्या पायांना तेल लावलं. मी पाय ओढून घेऊ लागले, तर म्हणाल्या, "गप बस. भूगोलाच्या बाईंना पृथ्वीची लाज वाटत नाही, तुझ्या पायांची काय वाटणार?"

घरी परतल्यावर पुढचे दोन आठवडे मी कपाळ चाचपत काढले. मावशी रोज धुरी घेऊन येत, समोर उभं राहून हिवतापावरची कोयनेलची गोळी गिळायला लावत आणि तोंड कडू झालं की गुळाचा खडा देत. ताप काही आला नाही. शेवटी त्यांनी ह्यांना गाठलं. "घेऊन जा हिला. रानात ही तुमच्यापेक्षा जास्त जपून वागेल. जी भिते ती मच्छरदाणी नीट खोचते." माझ्या भित्रेपणाचा असा उपयोग आजवर कुणी काढला नव्हता. मला हसू आलं, ह्यांनाही आलं. निर्णय झाला.

सियालदा स्टेशनवर निरोप द्यायला मावशी आल्या त्या काखेत मच्छरदाणीची वळकटी आणि हातात तेलाची बाटली घेऊन. मच्छरदाणी त्यांनीच शिवलेली, खाली खोचायला जाड कापडाचा पट्टा लावलेला. "भोक पडलं तर त्याच दिवशी शिव. भोकाची मच्छरदाणी म्हणजे पिंजरा, डास आत नि तूही आत." दोन्ही घेऊन मी वाकून नमस्कार केला. गाडी हलली तशा त्या खिडकीबरोबर चालू लागल्या. "आणि हे बघ, आजवर तुझ्या वाटचे डास माझ्याकडे यायचे. तिथं मी नाही. तेव्हा लाजू नकोस, घोट्यापर्यंत लाव!"

मग त्यांनी डोळे पुसले आणि लगेच ओरडल्या, "बाटली गळतेय गं! डोळ्यात तेल गेलं!"

फलाट मागे पडला. मी मांडीवरची बाटली उलटीसुलटी करून पाहिली. बूच घट्ट होतं आणि वरून मेण लावलेलं होतं.