क्लचचा परत आलेला डबा

बिरूने काउंटरवर गोणपाट उघडलं आणि जळक्या लायनिंगचा वास दुकानभर पसरला.

"अक्का, नऊ दिस. नऊच दिस टिकला तुमचा सेट," तो म्हणाला.

बिरू म्हणजे बिरदेव, मेकॅनिक. मूळचा माण तालुक्यातला. घरचे अजूनही मेंढरं घेऊन फिरतात. हा एकटाच कराडजवळच्या मलकापुरात आला आणि हायवेच्या कडेला पत्र्याचं गॅरेज टाकलं. आमचं स्पेअर पार्ट्सचं दुकान तिथून चालत पाच मिनिटांवर. यजमान शेतीकडे बघतात, काउंटर मी बघते. बावीस वर्षं झाली. गाडी चालवते जेमतेम, पण सुटा पार्ट समोर ठेवला तर कुठल्या गाडीचा ते सांगू शकते.

हा सेट मीच दिला होता. गाडी एका रिटायर्ड सुभेदारांची. रहिमतपूरजवळचं गाव, घरचा ऊस. गाडी सतरा वर्षांची, छोटी पेट्रोल हॅचबॅक. बायकोला आठवड्यातून दोनदा कराडला डायलिसिसला आणायचं, म्हणून ती गाडी त्यांना धडधाकट हवी होती.

क्लच म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. इंजिन सतत फिरत असतं. ते चाकांना जोडायचं आणि हवं तेव्हा सोडवायचं, हे क्लचचं काम. इंजिनच्या टोकाला एक जड लोखंडी चाक असतं, ते फ्लायव्हील. त्याला टेकून ताटलीएवढी चकती, ती क्लच प्लेट; तिच्यावरचा घासणारा थर म्हणजे लायनिंग. त्या चकतीला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते ती प्रेशर प्लेट. प्रेशर प्लेटच्या मधोमध फुलाच्या पाकळ्यांसारख्या स्प्रिंगच्या पट्ट्या असतात. आपण पेडल दाबलं की एक बेअरिंग या पट्ट्यांवर जोर देतं आणि चकती सुटते. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग, तिन्ही मिळून सेट.

जुन्या गाडीला सेट निवडणं सोपं नसतं. एकाच मॉडेलला मधल्या वर्षांत कंपनी साइज बदलते. म्हणून मी आरसी बुकावर विसंबत नाही. बिरूला जुनी प्लेट आणायला लावली, पट्टीने मापली, मधल्या भोकातले दाते मोजले. सुभेदार शेजारी उभे राहून माझ्याबरोबर दाते मोजत होते.

"मॅडम, हेवी ड्युटी द्या. मजबूत," ते म्हणाले.

"हेवी घेतला तर पेडल जड लागेल. तुमचा डावा गुडघा कसा आहे?"

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"पायरी चढताना उजवा पाय आधी टाकलात."

मग त्यांनी साधा सेट घेतला. जाताना बिरूला बजावलं, "काढलेला सगळा जुना माल माझ्या डिकीत टाकायचा. आणि काम मी समोर बसून बघणार." बिरू म्हणाला, "बसा की. खुर्ची देतो."

नऊ दिवसांनी सुभेदार बायकोला घेऊन येत असताना चढाला गाडी ओढेना. इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी जागेवर, याला क्लच स्लिप होणं म्हणतात. मागे उसाच्या ट्रॉल्या अडकल्या. भर उन्हात बाईंना दुसऱ्याच्या जीपमध्ये चढवून दवाखान्यात न्यावं लागलं. दोन तास उशीर झाला. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांना या दोन तासांचा अर्थ सांगायला नको.

म्हणून बिरूने सेट खोलून माझ्यापुढे ठेवला होता.

मी प्लेट बघितली. करपलेली, पण नवीच होती. लायनिंगवरचा कंपनीचा छाप शाबूत होता. मग प्रेशर प्लेट उलटी केली आणि हात थांबला. स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या टोकांना खाचा पडल्या होत्या. बेअरिंग वर्षानुवर्षं घासलं की अशा खाचा पडतात. नऊ दिवसांत पडत नाहीत. बाकी अंगाला चंदेरी स्प्रे होता. बोल्टच्या भोकांच्या आतही रंग गेला होता. फॅक्टरीत कुणी भोकांच्या आत रंग मारत बसत नाही.

जुनी प्रेशर प्लेट घासून, रंगवून बसवलेली होती. स्प्रिंग मेलेली, म्हणून चकतीवर दाब कमी, म्हणून स्लिप. कारण सापडलं. आता प्रश्न एवढाच होता की नवी कुठे गेली. आणि उत्तर माझ्यासमोर गोणपाट धरून उभं होतं, असं मला वाटलं.

या धंद्यात ही चाल जुनी आहे. सेट नवा घ्यायचा, गिऱ्हाइकाच्या गाडीत अर्धा जुना घालायचा, उरलेला नवा पार्ट दुसऱ्या गाडीला. मी बावीस वर्षांत पाच-सहा जण असे पकडलेत.

"बिरू, नवी प्रेशर प्लेट कुठाय?"

"हीच की."

"ही नवी आहे?"

त्याने पट्ट्यांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "अक्का, तुमी मला चोर म्हनताय व्हय?"

"मी काही म्हटलं नाही. विचारलं."

"डब्यात जे हुतं ते बसवलं."

"डबा मी दिला होता, बिरू."

"व्हय. तुमीच दिल्ता," असं म्हणून तो निघून गेला. पार्ट काउंटरवरच राहिले.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला मला आवडत नाही. मी कराडमधल्या दुसऱ्या दुकानदाराला फोन केला. आमचा जुना परिचय. म्हटलं, "बिरूला माल देताना जरा बघून द्या." एवढंच. नाव घेतलं, कारण सांगितलं नाही. कारण न सांगितल्यामुळे ऐकणाऱ्याने ते मनाने भरलं. दोन दिवसांत तीन मेकॅनिक माझ्याकडे येऊन विचारून गेले, बिरूनं काय केलं म्हणून. मी म्हणाले, काही नाही. पण ज्या आवाजात म्हणाले, त्यावरून त्यांना हवं ते कळलं.

तिसऱ्या दिवशी सुभेदार एसटीने आले. त्यांचा संशय माझ्यावर होता.

"मॅडम, डुप्लिकेट माल विकता तुम्ही?"

मी प्रेशर प्लेट त्यांच्यापुढे ठेवली. खाचा दाखवल्या. म्हटलं, "ही जुनी आहे. तुमच्याच गाडीतली रंगवून परत घातली असणार."

"माझ्या गाडीतली माझ्या घरी आहे. पोत्यात."

"नक्की?"

"मॅडम, मी जवानांची किट तपासण्यात उमर घालवली. उद्या आणतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोतं आणलं. त्यातली प्रेशर प्लेट गंजकी, रंग नसलेली, एक पट्टी किंचित वाकलेली. मी दोन्ही शेजारी ठेवल्या. सुभेदार पुढे म्हणाले,

"आणि डबा माझ्यासमोर फोडला त्यानं. मी खुर्चीवर, तो खाली बसलेला. आतून निघाली ती हीच चंदेरी. मी नजर हटवली नव्हती. पिशवीवर द्राक्षाचा घड छापला होता, तेही आठवतंय."

"कसली पिशवी?"

"प्लास्टिकची. त्यातच तर होती ही."

माझ्या माहितीतली कुठलीही क्लच कंपनी द्राक्षाचा घड छापलेल्या पिशवीत माल भरत नाही.

मी दुकान शेजारणीला बघायला सांगितलं आणि सुभेदारांबरोबर बिरूच्या गॅरेजवर गेले. मेकॅनिकच्या दारात जायची ही बावीस वर्षांतली पहिलीच वेळ. एरवी मेकॅनिक माझ्याकडे येतात. गॅरेजमध्ये सुभेदारांची गाडी जॅकवर होती आणि बाकी जागा रिकामी. या दिवसांत तिथे दोन-तीन गाड्या उभ्या असतात. ती रिकामी जागा कशामुळे, हे मला विचारायची गरज नव्हती.

"बिरू, त्या डब्यातली पिशवी आहे का?"

त्याने भिंतीच्या खिळ्याला टांगलेली एक पिशवी काढून दिली. आत नटबोल्ट भरले होते. मी ते एका डब्यात ओतले आणि पिशवी उजेडात धरली. द्राक्षाचा घड. खाली 'बेदाणा' आणि तासगाव.

मला तिथल्या तिथे सगळं उलगडलं. माझे धाकटे दीर, प्रकाशभाऊजी, तासगावात गॅरेज चालवतात. दोन महिन्यांपूर्वी याच साइजचा एक सेट ते माझ्याकडून घेऊन गेले होते. पंधरा दिवसांनी परत आणला. "वहिनी, गाडी दुसऱ्या साइजची निघाली. डबा उघडलाच नाही," म्हणाले. सोबत मुलांसाठी बेदाणे होते. मी चहा टाकला आणि डबा होता तसा फळीवर ठेवला. टेप बघितली नाही आणि तोच डबा पुढे सुभेदारांना दिला. बाहेरच्या मेकॅनिकचा डबा असता तर तीनदा उलटापालटा केला असता.

"बिरू," मी विचारलं, "रंग बघून तुला शंका आली नाही?"

"आली हुती."

"मग बसवलीस कशाला?"

"डबा तुमच्या दुकानचा हुता, अक्का. बारा वर्सं माल नेतोय. तुमच्याकडनं खोटं येत न्हाई, आसं वाटलं."

सुभेदार दुसरीकडे बघू लागले. मी बिरूला सांगितलं, चूक माझ्या दुकानाची आहे, तुझी नाही. सुभेदारांसमोर सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि हात पुसायला लागला.

तिथूनच भाऊजींना फोन लावला.

"भाऊजी, त्या सेटमधली प्रेशर प्लेट कुणाच्या गाडीला लावलीत?"

"आवं वहिनी, एका गिऱ्हाइकाची अडचण हुती. नुसती प्रेशर प्लेट कुठं मिळंना. सांगणारच हुतो."

"आणि जुनी रंगवलीत ती कशाला?"

"घरचंच दुकान हाय नव्हं."

मी फोन ठेवला. यजमानांनी नंतर त्यांची बाजू घ्यायचा प्रयत्न केला. दोन दिवस आमच्या घरात जेवणापुरतं बोलणं होतं. भाऊजींना आता आमच्याकडून माल मिळत नाही. दिवाळीला येतात, बेदाणे आणतात, मी चहा करते.

सुभेदारांच्या गाडीचं काम पुन्हा पहिल्यापासून केलं. नवा सेट मी काउंटरवर सगळ्यांसमोर फोडला. पट्ट्यांची टोकं बोटाने तपासली, भोकं बघितली. फ्लायव्हीलवर जळल्याचे निळे डाग पडले होते. तसंच बसवलं असतं तर नवी प्लेटही धक्के देत चालली असती. म्हणून लेथ मशीनवर फ्लायव्हीलचा पृष्ठभाग घासून सरळ करून घेतला. हा खर्च दुकानाने केला. मधल्या काळात सुभेदारांच्या पत्नीला कराडला आणायला आमची गाडी गेली. एका खेपेला मीही सोबत होते. बाई थकलेल्या होत्या, पण उतरताना म्हणाल्या, "यांनी त्या पोराच्या गॅरेजात दिवसभर बसून त्याला छळला असंल, न्हाई?" मी म्हटलं, तुमचे मालक तिथे बसले म्हणूनच तो वाचला.

ते खरं आहे. सगळ्यात संशयी माणूस हाच बिरूचा एकमेव साक्षीदार ठरला. कारण त्याने संशय घेतला आणि मग डोळ्याने बघितलं. मी संशय घेतला आणि फोन केला.

तो फोन परत घेणं फार अवघड गेलं. कराडच्या दुकानदाराकडे स्वतः गेले, चूक कुणाची ते सांगितलं. दिराचं नाव सांगताना जीभ अडखळली, पण सांगितलं. तो म्हणाला, "असू द्या हो, होतं असं." विचारून गेलेल्या तिन्ही मेकॅनिकांनाही सांगितलं. त्यातल्या एकाने ऐकून घेतलं आणि हसला. त्याने विश्वास ठेवला की नाही, अजून मला ठाऊक नाही. बिरूच्या दारात गाड्या पुन्हा दिसायला चार-पाच महिने गेले.

आता दुकानात परत आलेला प्रत्येक डबा आणणाऱ्यासमोर उघडला जातो, मग तो घरचा असो की बाहेरचा. नियम साधा आहे. तो मी बावीस वर्षं निम्म्याच लोकांना लावत होते.

बिरू अजून माझ्याकडूनच माल नेतो. पूर्वी डबा काखेत मारून जायचा. आता काउंटरवर ठेवतो, टेप कापतो, एकेक पार्ट उजेडात फिरवून बघतो आणि मग नेतो. ते माझ्या मनाला लागतं. मी त्याच्यापुढे कटर ठेवते.