साक्षीदारासह पाकीट

शेवगावचा तो नेट कॅफेवाला गिऱ्हाईक पासवर्ड टाकू लागलं की भिंतीकडे तोंड करतो. इतक्या सज्जन माणसाचा मला संशय येतो. पन्नाशीत एम.ए.ला बसलो, तेव्हा विद्यापीठाच्या खात्याला मोबाईलवरच्या कोडचं दुसरं कुलूप त्याच्याकडेच लावलं. पण माझा नंबर त्याला कळू नये म्हणून बायकोच्या जुन्या सिमचा दिला. परीक्षेच्या फॉर्मच्या शेवटच्या दिवशी कळलं, रिचार्जअभावी ते सिम बंद पडलंय.

त्यानं ड्रॉवरमधून चिकटवलेलं पाकीट काढलं. "सर, मोबाईल बंद आसला तरी चालनाऱ्या अडीअडचणीच्या कोडचा कागद तुमी प्रिंटरवरच सोडून गेल्ते."

पाकिटाच्या जोडावर त्याची सही होती, बाजूला शेजारच्या सलूनवाल्याची.

"साक्षीदार कशाला?"

"कागद वाचला का म्हून तुमी इचारनार, म्हाईत हुतं."

पाकीट फोडून त्यातल्या कोडनं फॉर्म भरला. निघताना सलूनवाल्याकडे सहीची खात्री करून घेतली.