पुन्हा भरायची बाटली

माझे बाबा होड्यांची मशिनं दुरुस्त करतात. ‘करायचे’ असं मी लिहिणार नाही, कारण त्या एका शब्दावरून आमच्या घरात अख्खी थंडी भांडण चाललं होतं.

रत्नागिरीत खाडीच्या अंगाला आमचं घर आहे आणि घराची पडवी म्हणजे बाबांचा कारखाना. भिंतीला खिळे ठोकून नट फिरवायचे पाने टांगलेले, खाली जुन्या मशिनांचे अवयव, आणि सगळ्याला ग्रीसचा वास. आई त्या पडवीत चपला घालूनच जाते. पाऊस सरता सरता बाबांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, पाय परत आला, काठीही सुटली. उजवा हात मात्र मागे राहिला. डॉक्टर म्हणाले, हात चालवाल तर चालेल, ठेवून द्याल तर तसाच राहील. त्यांनी पिळायला दिलेला रबरी चेंडू बाबांनी शेजारच्या कुत्र्याला देऊन टाकला.

खाऱ्या हवेत आमच्याकडे देवाची घंटासुद्धा गंजते, तिथे होडीच्या मशिनाचं काय. नट जाम झालेलेच येतात. म्हणून कामाची सुरुवात गंज सोडवायच्या स्प्रेने होते. त्या डब्याच्या डोक्यावर एक एवढंसं बटण असतं, ते एका बोटाने जोर लावून दाबून धरायचं. एका दुपारी घरात कुणी बघत नाही असं समजून बाबा पडवीत गेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. बोट बटणावर ठेवलं की घसरत होतं. मग त्यांनी डाव्या अंगठ्याने दाबलं, तर तोंड उलटं फिरलं आणि फवारा चष्म्यावर. त्यांनी तो डबा माडाच्या आळ्यात भिरकावला.

संध्याकाळी बाबांनी मंडणगडच्या एका ओळखीच्या मेकॅनिकला फोन केला. “शिमग्याला ये नि हत्यारं सगळी घेऊन जा. हात गेला. मी आता कशाच्या कामाचा नाय.”

माझं डोकंच फिरलं. हा माणूस बुडालेलं मशीन वर काढून चालू करणारा, आणि हरला कुणाला, तर मटाराएवढ्या बटणाला! रडू आलं ते मी भांडी घासताना उरकून घेतलं आणि ठरवलं की शिमग्याला मंडणगडची गाडी रिकामी परत जाईल. कशी, ते ठाऊक नव्हतं.

मी बाजारात रंगाच्या आणि हार्डवेअरच्या दुकानात काउंटरला असते. तिथे एक बाटली बरेच महिने कपाटावर धूळ खात पडली होती. ॲल्युमिनियमची, थर्मासच्या बांध्याची. डोक्याला सायकलच्या ब्रेकसारखी लांब दांडी, चारी बोटांनी मिळून दाबायची. खांद्याला सायकलच्या ट्यूबला असतो तसला वॉल्व्ह. झाकण फिरवून काढायचं, आपलं तेल अर्ध्यापर्यंत ओतायचं, वरची जागा हवेला ठेवायची आणि सायकलच्या पंपाने हवा भरायची. संपलं की पुन्हा भरायची. मुंबई-पुण्याची माणसं घरच्या कारखान्याला घेतात म्हणे. मी दांडी दाबून बघितली आणि पहिल्यांदा जीव थोडा भांड्यात पडला. इथे एकट्या बोटावर काहीच अडत नव्हतं.

मी ती घरी आणली. बाबांनी बाटलीकडे बघितलं आणि म्हणाले, “आंब्यावर मारायचा पंप आणलास काय गो? मग कलमं पण आणायचीस.”

“कलमं नाहीत बाबा, पण बिजागऱ्या आहेत,” मी म्हटलं.

मग मी सुरू झाले. बाबांच्या कानाशी झोपाळ्याच्या कड्यांवर फवारा मारला. फाटकावर मारला, विहिरीच्या रहाटावर मारला, शेजाऱ्यांच्या फाटकावरही मारला. मुद्दाम नको तितका मारायचे, ओघळ येईपर्यंत. आई म्हणाली, घराला पेट्रोलपंपाचा वास येतोय, आता पाहुण्यांनी चहा कुठे प्यायचा. मी ऐकलं नाही. हट्टीपणा मला बाबांकडूनच आलाय, त्यांनीच तो सोसावा.

आठवड्याभरात त्यांना राहवलं नाही. “अगो, आंघोळ घालतेस काय त्याला? लांबनं मार. थोडं मार नि थांब, मुरू दे.” मी म्हटलं, मला नाही जमत, तुम्ही दाखवा. त्यांनी डावा हात पुढे केला. मी बाटली मागे घेतली. “उजवा.” ते उठून आत निघून गेले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही. आई मधल्या मधे दोघांना जेवायला हाका मारून दमली.

तिसऱ्या दिवशी बाटलीतलं तेल संपलं. बाबा कोणाकडेही न बघता म्हणाले, खरं तेल उंडीच्या बियांचं, आमचे वडील होडीला तेच लावायचे, पण आता ते मिळतं कुठे. एवढं बोलून ते झोपले. आईने ते मनावर घेतलं. उंडीचं नाही तर नाही, खोबरेल तर आहे! आमच्याकडे डोक्याला खोबरेल, भाजलं तर खोबरेल, कान दुखला तर खोबरेल. तिने बाटली भरली, मी हवा मारली, आणि दुपारच्या उन्हात फवारा झकास उडाला.

पौषात एका सकाळी ओळखीचे एक तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे म्होरके, दारात आले. जाळ्याला बांगडा लागला होता आणि त्यांच्या होडीचं मशीन बंद पडलं होतं. दोन गड्यांनी ते उचलून पडवीत ठेवलं. बाबा शाल पांघरून झोपाळ्यावर बसलेले. तांडेलांना वाटलं होतं, निदान सांगायला तरी म्हातारा असेल. मी बाटली घेतली, जाम नटावर धरली, दांडी दाबली. नुसतं फुस्स. पुन्हा दाबली. थेंब नाही.

थंडीत मोरीतली खोबरेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय तेल पडत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि आम्ही दोघी बायकांनी तेच तेल त्या बारीक नळीच्या बाटलीत भरून पडवीत ठेवलं होतं. आत पार मेण झालेलं. तांडेल भले माणूस, हसले नाहीत. म्हणाले, “राहू दे काका, बंदरावर नेतो. तुम्ही नका त्रास घेऊ.” गडी वाकलेसुद्धा.

“थांबा,” बाबा म्हणाले.

ते झोपाळ्यावरून उतरले. बाटलीचं तोंड हुंगलं. “खोबरेल कुणी घातलंय?”

“मीच,” आतून आई. “माणसाला चालतं ते लोखंडाला का चालू नये?”

बाबांनी आधी वॉल्व्ह दाबून हवा सोडली. मग आईकडून आंघोळीचं कढत पाणी मागवून बाटली डोक्यासकट त्यात बुडवून ठेवली. तेल सुटलं तसं ओतून टाकलं, डिझेल आणि मशीनचं पातळ तेल मिसळून भरलं. “मार हवा,” मला म्हणाले. मी पंप मारला. ते वाकले आणि बाटली घेतली. डाव्या हाताने जाम नट चाचपायचा होता, म्हणून बाटली उजव्यात गेली. त्यांना ते कळलं की नाही, मला सांगता येणार नाही.

बोटं दांडीवर बसली, पण दांडी अर्ध्यावर अडली. माझा हात आपसूक पुढे गेला आणि मी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. एवढं कठीण काम मी आयुष्यात केलेलं नाही. बाबांनी दात आवळले, पुन्हा दाबलं. बारीक धुकं नटावर बसलं. “आता मुरू दे,” ते म्हणाले, आणि तांडेलांना बसायला सांगितलं. चहा झाल्यावर नट निघाला. दुपारी मशीन चालू होऊन गेलं. आई पडवीत आली ती पहिल्यांदाच अनवाणी, आणि रडली. मी पण.

हात काही एका दिवसात आला नाही. अजूनही लेखणी धरता येत नाही. पण रोज सकाळी बाबा बाटली भरून ठेवतात, आणि थंडीत खोबरेल कुठे आहे ते आधी बघतात.

शिमग्याला मंडणगडचे मेकॅनिक आले, रिकामी गोणी घेऊन. बाबा त्यांना ‘येऊ नको’ असा फोन करायचं विसरले होते, की त्यांनी मुद्दाम केला नव्हता, देव जाणे. बाबा मशिनाखालून म्हणाले, “गोणी आणलीस? बरं झालं.” आणि बाहेर येऊन कोपऱ्यातले बटणवाले स्प्रेचे डबे, अर्धे, पाऊण, नवेसुद्धा, एकेक करून उजव्या हाताने गोणीत टाकले.

“हे ने,” बाबा म्हणाले. “हे कशाच्या कामाचे नाय.”